खोकल्यावाचूनचा क्षय

क्षय म्हटला की खोकला, थुंकीतले रक्त आणि खंगलेली छाती एवढेच चित्र आपल्यासमोर उभे राहते, आणि १८८२ साली बर्लिन येथे रॉबर्ट कॉख यांनी क्षयजंतूचा शोध जाहीर केल्यापासून रोगाचा तपासही बहुतांशी थुंकीच्याच आधारे चालत आला. परंतु एचआयव्हीबाधितांच्या बाबतीत हा परिपाठ पुष्कळदा फसवा ठरतो.

धडधाकट माणसाच्या फुफ्फुसात क्षयजंतू शिरले, तरी प्रतिकारक पेशी त्यांच्याभोवती सूक्ष्म गाठी रचून, बंडखोर गढीला सरकारी फौजेने वेढा द्यावा तशा, वर्षानुवर्षे पहारा देत बसतात. या पहाऱ्याची सूत्रे ज्या सीडी-४ पेशींकडे असतात त्यांचाच संहार एचआयव्ही करतो. मग जंतू रक्तावाटे आणि लसवाहिन्यांवाटे मानेच्या गाठी, फुफ्फुसाचे व हृदयाचे आवरण, आतडी, मणके, किंबहुना मेंदूच्या आवरणापर्यंत जाऊन पोचतात. एरवी क्षयरुग्णांपैकी शेकडा १५ ते २० जणांत आढळणारा फुफ्फुसाबाहेरील क्षय एचआयव्हीबाधितांत निम्म्याहून अधिक जणांत आढळतो, असे भारतीय वैद्यकीय लेखनात नमूद आहे.

अशा रोग्याला खोकला असेलच असे नाही, थुंकीत जंतू पुष्कळदा सापडत नाहीत, छातीचा एक्स-रेही कित्येकदा स्वच्छ निघतो. तक्रार असते ती तिन्हीसांजेला चढणाऱ्या तापाची, रात्रीच्या घामाची किंवा मानेवरच्या न दुखणाऱ्या गाठीची. एचआयव्हीवरील उपचार देणाऱ्या एआरटी केंद्रात दर खेपेस खोकला, ताप, घटते वजन आणि रात्रीचा घाम यांविषयी विचारतात ते यासाठीच. ही विचारपूस दफ्तर पुरे करण्यापुरती उरकली, तर तिचा काडीइतका उपयोग नाही. संशय आल्यास गाठीतून सुईने नमुना काढून तो क्षयजंतू हुडकणाऱ्या सीबीनॅट यंत्रावर तपासतात. लघवीतील क्षयजंतूंचा अंश दाखवणारी एक चाचणीही आहे आणि तिचा विशेष असा की, प्रतिकारशक्ती जितकी खालावलेली तितकी ती अधिक उपयोगी पडते. सर्वांत दगा देतो तो मेंदूच्या आवरणाचा क्षय: कित्येक दिवस डोके दुखते, माणूस चिडचिडा होतो, असंबद्ध बोलतो, आणि घरची मंडळी त्याचा दोष स्वभावाला किंवा बाहेरच्या बाधेला देत मोलाचा काळ दवडतात.

औषधे फुफ्फुसाच्या क्षयाचीच. मात्र गाठींच्या क्षयाला बहुधा सहा महिने पुरतात, तर मेंदूच्या आवरणाच्या क्षयाला वर्षभरही लागते. एचआयव्हीवरील उपचार क्षयाची औषधे सुरू झाल्यावर साधारणतः दोन आठवड्यांत चालू करतात. मेंदूच्या आवरणाचा क्षय असल्यास मात्र निदान चार आठवडे थांबतात, कारण प्रतिकारशक्ती एकाएकी सावरली की दाह उसळून जिवावर बेतू शकते. गाठींच्या बाबतीतही हाच प्रकार सौम्य रूपात घडतो: उपचार लागू पडत असतानाच गाठ फुगते, ताप परततो, आणि औषध बाधले असे समजून रोगी नेमक्या त्याच वेळी गोळ्या सोडून देतो.