खोटा आळ आल्यास

नगर जिल्ह्यात शिक्षक असताना माझ्या वर्गात फासेपारध्यांची मुले असत. गावात चोरी झाली, की संशय प्रथम त्यांच्या पालांवर! गुन्हेगार जमातींचा १८७१ पासून चालत आलेला कायदा १९५२ साली रद्द झाला. संशय मात्र उरला. नाशिककडील २००३ च्या दरोडा व खुनांच्या खटल्यात भटक्या जमातींतील सहा जणांस फाशी ठोठावली गेली. २०१९ साली सर्वोच्च न्यायालयाने त्यांस निर्दोष ठरवून प्रत्येकी ५ लाख रुपये भरपाई देवविली; पण मधली सुमारे १६ वर्षे तुरुंगात गेली होती.

अटक होताच कारण विचारावे. २४ तासांच्या आत मॅजिस्ट्रेटपुढे उभे करणे पोलिसांस बंधनकारक आहे. मारहाण झाली असल्यास, शिपाई शेजारी उभा असला तरी, ती तेथेच सांगावी. कोठडीतील मनुष्यास जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून वकील विनामूल्य मिळतो. खोटी फिर्याद रद्द करविण्याचा अर्ज नगरकरांनी उच्च न्यायालयाच्या छत्रपती संभाजीनगर येथील खंडपीठाकडे करावयाचा असतो.