विश्लेषण : मोकळ्या जागेतील लग्नात मंगलाष्टके ऐकू का येत नाहीत? न दिसणारा माइक कसा निवडावा?

लग्न लॉनवर, मंडप फुलांनी सजलेला, फोटोग्राफरचे दोन-तीन कॅमेरे सज्ज. पण मुहूर्ताची मंगलाष्टके सुरू झाली की तिसऱ्या रांगेपासून मागे फक्त ओठांची हालचाल दिसते. 'सावधान' कधी झाले हे न कळल्याने अर्ध्या अक्षता आधी पडतात, अर्ध्या नंतर. नेरूळमध्ये पाम बीच मार्गालगत किंवा सोसायटीच्या आवारात होणाऱ्या लग्नांत हे चित्र नवे नाही. यावर 'स्पीकर मोठा लावा' हा पहिला उपाय सुचतो. मात्र दोष बहुतेक वेळा माइकमध्ये आणि तोंडापासूनच्या त्याच्या अंतरात असतो.

मोकळ्या जागेत आवाज का हरवतो?

सभागृहात भिंती आणि छत आवाज परत फेकतात, त्यामुळे मागच्या रांगेलाही थोडी मदत होते. मैदानात ती मदत नसते. तिथे अंतर दुप्पट झाले की आवाजाची पातळी साधारण 6 डेसिबलने घटते. साधे बोलणे 1 मीटरवर सुमारे 60 डेसिबल असते. म्हणजे 8 मीटरवर ते 42 डेसिबलच्या आसपास उरते. वाहने, लोकल, जनरेटर आणि पाहुण्यांच्या गप्पा यांत ते सहज बुडते. त्यात नेरूळला खाडी जवळ. दुपारनंतर वारा वाढला की माइकवर 'फर्रर' असा आवाज येतो तो वेगळाच.

हातातला कॉर्डलेस माइक का पुरत नाही?

गुरुजींचे दोन्ही हात विधीत गुंतलेले असतात. त्यामुळे घरातील कोणीतरी त्यांच्यासमोर माइक धरून उभे राहते. पाच मिनिटांत हात खाली येतो, माइक तोंडापासून दूर जातो आणि आवाज पडतो. मग साउंडवाला मिक्सरवर आवाज वाढवतो. आता माइकला गुरुजींइतकाच स्पीकरही ऐकू येऊ लागतो. स्पीकरचा आवाज पुन्हा माइकमध्ये, तिथून पुन्हा स्पीकरमध्ये, असे चक्र सुरू होते आणि शिट्टी वाजते. शिवाय ऐन अंतरपाटाच्या क्षणाच्या फोटोत माइक धरलेला हात येतो, तो कायमचा.

न दिसणारे पर्याय कोणते?

1962 मध्ये अमेरिकेतील बेल लॅब्जमध्ये गेरहार्ड सेसलर आणि जेम्स वेस्ट यांनी इलेक्ट्रेट माइक तयार केला आणि माइक लहान करणे सोपे झाले. आज लग्नासाठी प्रामुख्याने तीन पर्याय आहेत.

कानाचा माइक : कानामागून गालावर येणारी त्वचेच्या रंगाची बारीक तार. तो तोंडाच्या कोपऱ्यापासून 2-3 सेंटिमीटरवर राहतो आणि मान वळली तरी सोबत वळतो. चार-पाच मीटरवरून तो सहसा लक्षातही येत नाही. गुरुजींसाठी हाच सर्वांत भरवशाचा.

कॉलर माइक : कपड्याला चिमट्याने लावायचा लहान माइक. हनुवटीखाली 15 ते 20 सेंटिमीटरवर तो चांगला चालतो. तोंडापासून 20 ऐवजी 2.5 सेंटिमीटरवर माइक असेल तर सुमारे 18 डेसिबलचा फरक पडतो. म्हणून शिट्टीचा धोका कॉलर माइकला जास्त. शेरवानीच्या काठावर तो लपतो. मात्र हार, मुंडावळ्या, शेला किंवा जरीचा पदर त्याला घासला तर खरखर सगळ्या मंडपाला ऐकू येते.

फुलांतला माइक : चौरंगाजवळ किंवा मंडपाच्या खांबावर फुलांआड बसवलेला माइक. दिसण्याच्या दृष्टीने उत्तम, पण तोंडापासून सर्वांत लांब. भटाची खुर्ची, बांगड्या, रडणारे मूल असे सारेच तो टिपतो. व्हिडिओच्या रेकॉर्डिंगसाठी तो जरूर ठेवावा. स्पीकरवर मोठा आवाज काढण्यासाठी मोकळ्या जागेत त्याच्यावर विसंबू नये.

माइक नेमका कोणाला लावायचा?

हे ठरवताना आधी विधीत कोण बोलते ते पाहावे. वैदिक पद्धतीच्या लग्नात बहुतांश बोलणे गुरुजींचे असते. त्यांना कानाचा माइक दिला की निम्मे काम झाले. मंगलाष्टके म्हणणाऱ्या मामा-मावशींसाठी आणि उखाण्यांसाठी एक हातातला माइक पुरेसा आहे.

1873 मध्ये महात्मा जोतीराव फुले यांनी स्थापन केलेल्या सत्यशोधक समाजाच्या पद्धतीत वधू-वर मंगलाष्टकांतूनच एकमेकांना वचने देतात. बौद्ध पद्धतीच्या विवाहातही दोघे प्रतिज्ञा घेतात. इथे दोघांचे शब्द पाहुण्यांपर्यंत पोहोचणे हाच सोहळ्याचा गाभा असतो. त्यामुळे दोघांना कॉलर माइक लावणे योग्य.

नेरूळ, करावे, दारावे, सारसोळे, शिरवणे या मूळ गावठाणांत आगरी-कोळी लग्नांची परंपरा आहे. आगरी लग्नात धवलारीण धवले गात विधी पुढे नेते. तिच्या गळ्यावर ओळ न् ओळ असते, पण ती सतत जागा बदलते आणि बँड किंवा डीजे जवळच असतो. मुख्य धवलारणीला कानाचा माइक द्यावा. साथीच्या बायका बसून गाणार असतील तर त्यांच्यामध्ये एक स्टँडचा माइक ठेवावा. तिचे गाणे सुरू असताना डीजे पूर्ण बंद ठेवायचा, हे सुपारी देतानाच ठरवून घ्यावे. कितीही चांगला माइक या ठरावाची जागा घेऊ शकत नाही.

कॅमेऱ्याचा वायरलेस माइक स्पीकरला चालेल का?

2019 मध्ये आलेल्या रोडच्या 'वायरलेस गो'सारखे किंवा डीजेआयचे बोटभर माइक फोटोग्राफरकडे हमखास असतात. ते 2.4 गिगाहर्ट्झवर चालतात. वाय-फाय आणि ब्लूटूथही याच पट्ट्यात असतात. शिवाय माणसांच्या शरीरातील पाणी या लहरी बऱ्याच प्रमाणात शोषते. रिकाम्या लॉनवर दुपारी व्यवस्थित चाललेला माइक संध्याकाळी 500 पाहुण्यांत तुटक येतो, त्याचे हे एक मोठे कारण. तो वापरायचाच असेल तर रिसीव्हर मिक्सरच्या टेबलावर न ठेवता मंडपाजवळ, डोक्यांपेक्षा उंच आणि माइक थेट दिसेल असा ठेवावा. घरगुती ब्लूटूथ स्पीकर मात्र टाळावा. त्यात आवाज उशिरा पोहोचतो आणि बोलणारा स्वतःच अडखळतो.

मोठा स्पीकर लावला तर बिघडते काय?

नेरूळमध्ये लॉनच्या कुंपणापलीकडे बहुधा कोणाची तरी बाल्कनी असते. ध्वनिप्रदूषण नियम, 2000 नुसार निवासी क्षेत्रात दिवसाची मर्यादा 55 आणि रात्रीची 45 डेसिबल आहे. सार्वजनिक जागेच्या सीमेवर ध्वनिक्षेपकाचा आवाज क्षेत्राच्या मर्यादेपेक्षा 10 डेसिबलने जास्त किंवा 75 डेसिबल, यांपैकी जे कमी असेल त्यापलीकडे जाता कामा नये. खासगी जागेसाठी ही सूट 5 डेसिबलचीच आहे. म्हणजे निवासी भागातील खासगी आवारात दिवसा सीमेवर 60 डेसिबल. ध्वनिक्षेपकासाठी लेखी परवानगी लागते आणि रात्री 10 ते सकाळी 6 या वेळेत मोकळ्या जागेत तो लावता येत नाही. घोषित शांतता क्षेत्रात नियम आणखी कडक आहेत.

त्यामुळे समोर दोन मोठे स्पीकर लावण्याऐवजी पाहुण्यांच्या बाजूने चार-सहा लहान स्पीकर कमी आवाजात लावावेत. प्रत्येक खुर्चीला जवळचा स्पीकर मिळतो आणि कुंपणापलीकडे आवाज कमी जातो. स्पीकर नेहमी माइकच्या पुढे, पाहुण्यांकडे तोंड करून असावेत. आवाजाला 1 मीटर कापायला सुमारे 3 मिलिसेकंद लागतात. मागचे स्पीकर 20 मीटरवर असतील तर मिक्सरमध्ये तेवढा, म्हणजे साधारण 60 मिलिसेकंदांचा 'डिले' द्यायला सांगावे. नाहीतर मागे बसलेल्यांना प्रत्येक शब्द दोनदा ऐकू येतो.

साउंडवाल्याला आधी काय सांगावे?

• कानाचा माइक आहे का, हे सुपारी देतानाच विचारावे. ऐनवेळी तो मिळेलच असे नाही.

• सोवळ्याला खिसा किंवा पट्टा नसतो. माइकचा ट्रान्समीटर अडकवायला कापडी पट्टा मागून घ्यावा. नऊवारीवर तो मागे कमरेला लावावा.

• माइकला स्पंज किंवा केसाळ वारारोधक टोपी हवी. मिक्सरवर 'लो-कट' सुरू ठेवावा.

• विधीआधी नवे सेल घालावेत. एक कॉर्डलेस माइक सुरू करून बाजूला तयार ठेवावा.

• चाचणी मुहूर्ताच्या वेळेलाच, आदल्या दिवशी घ्यावी. सकाळची शांतता आणि संध्याकाळचा वारा यांत खूप फरक असतो.

• एका वेळी एकच माइक सुरू असावा. सुरू माइकची संख्या दुप्पट झाली की शिट्टीआधीची मोकळीक साधारण 3 डेसिबलने घटते.

शेवटची बाब तंत्राची नाही. न दिसणारा माइक ज्याला लावला आहे तोही तो विसरतो. अंतरपाट दूर झाल्यावर दोघांत झालेले दोन शब्द किंवा पाठवणीच्या वेळी आईने लेकीच्या कानात सांगितलेले काही, हे मंडपभर ऐकू जाण्यासाठी नसते. म्हणून वधू-वरांना माइक लावताना त्यांची परवानगी घ्यावी. तो बंद करण्याची जबाबदारी एका माणसाला नावानिशी द्यावी आणि कोणत्या विधीनंतर बंद करायचा, हे त्याला आधीच सांगून ठेवावे. रेकॉर्डिंग सुरू असेल, तर व्हिडिओ नातेवाइकांच्या ग्रुपवर जाण्याआधी त्यातला आवाज एकदा ऐकून घ्यावा.