मिशनशाळांचे नवे सत्र : नागपूर-चांदा प्रदेशातील प्रेस्बिटेरियन शिक्षणाचा एक पैलू

शाळेचे सत्र केव्हा सुरू व्हावे हा प्रश्न वरवर पाहता व्यवस्थापकीय वाटतो. परंतु त्याच्या उत्तरात प्रदेशाचे हवामान, समाजाची मानसिकता आणि शासनाचे धोरण ही तिन्ही उमटलेली असतात. उर्वरित महाराष्ट्रातील शाळा जूनच्या मध्यास उघडतात, तर विदर्भातील शाळा उन्हाच्या तीव्रतेमुळे सुमारे आठवडाभर वा त्याहूनही उशिरा उघडतात. चंद्रपूर जिल्ह्यातील माजरी हे गाव वर्धा-बल्लारशाह लोहमार्गावरचे जंक्शन होय. तेथून वणीकडे फाटा जातो आणि गावाभोवती कोळशाच्या खाणी आहेत. अशा गावाहून उच्च शिक्षणासाठी नागपुरास जाणाऱ्या विद्यार्थ्यापुढे ज्या संस्थांची नावे येतात, त्यांत हिस्लॉप महाविद्यालय हे एक जुने नाव आहे. या महाविद्यालयामागे स्कॉटलंडातील प्रेस्बिटेरियन चर्चची शिक्षणपरंपरा उभी आहे. प्रत्येक नव्या सत्राच्या आरंभी या परंपरेतील संस्थांस कोणत्या गोष्टींची जुळवाजुळव करावी लागे, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

१. 'प्रेस्बिटेरियन' म्हणजे काय?

'प्रेस्बिटर' या मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ 'वडील' असा आहे. ज्या चर्चमध्ये बिशपाची सत्ता नसते, तर मंडळीने निवडलेले वडील आणि पाळक यांच्या चढत्या श्रेणीच्या सभा कारभार पाहतात, ते प्रेस्बिटेरियन चर्च होय. १५६० साली जॉन नॉक्स व त्याचे सहकारी यांनी स्कॉटलंडच्या चर्चसाठी जी योजना आखली, तीत प्रत्येक मंडळीबरोबर शाळा असावी असा आग्रह होता. १६९६ साली स्कॉटलंडच्या पार्लमेंटने कायदा करून प्रत्येक पॅरिशात शाळा व शिक्षक यांची तरतूद बंधनकारक केली. बायबल स्वतः वाचता आले पाहिजे, हा या आग्रहामागील धार्मिक हेतू. परंतु त्याचा परिणाम धर्मापुरता राहिला नाही. भारतात आलेले स्कॉटिश मिशनरी प्रवचनाबरोबर शाळाही मांडत, त्याचे मूळ या परंपरेत शोधावे लागते.

येथे एक भेद लक्षात ठेवणे आवश्यक आहे. चांदा जिल्ह्यात एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जे स्कॉटिश मिशन काम करू लागले, ते प्रेस्बिटेरियन नव्हते. ते स्कॉटिश एपिस्कोपल चर्चचे, म्हणजे बिशपशासित परंपरेचे होते. तेथे दीर्घकाळ राहिलेले अॅलेक्स वुड हे पुढे नागपूरचे बिशप झाले. दोन्ही मिशने एकाच देशातून आली, म्हणून अभ्यासकाने त्यांची सरमिसळ करू नये. माजरीचा परिसर या दृष्टीने चांद्याच्या एपिस्कोपल क्षेत्राच्या जवळचा. प्रेस्बिटेरियन शिक्षणाचे केंद्र मात्र नागपूर हे होते.

२. पटावरील नावे

नव्या सत्राची पहिली तयारी म्हणजे विद्यार्थी परत येतील अशी परिस्थिती राखणे. आज ही गोष्ट गृहीत धरली जाते. मिशनशाळांस ती कधीच गृहीत धरता आली नाही. मुंबईत जॉन विल्सन यांनी १८३२ साली इंग्रजी शाळा काढली. तिचेच पुढे विल्सन महाविद्यालय झाले. १८३९ च्या मे महिन्यात या शाळेतील धनजीभाई नवरोजी आणि होरमसजी पेस्तनजी या दोन पारशी तरुणांनी बाप्तिस्मा घेतला. प्रकरण न्यायालयात गेले, पारशी समाज प्रक्षुब्ध झाला, आणि शाळेची विद्यार्थीसंख्या एकाएकी घटली. १८४३ साली नारायण शेषाद्री या ब्राह्मण तरुणाने ख्रिस्ती धर्म स्वीकारला. त्याचा धाकटा भाऊ श्रीपत अल्पवयीन असल्याने न्यायालयाने त्यास आईबापांच्या स्वाधीन केले. मिशनरीच्या घरी राहिलेल्या या मुलास प्रायश्चित्त देऊन जातीत घ्यावे की नाही, यावरून मोठा वाद माजला आणि बाळशास्त्री जांभेकर मुलाला परत घेण्याच्या बाजूने उभे राहिले.

या घटनांचा शैक्षणिक अर्थ असा की, मिशनशाळेचा पट हा पालकांच्या विश्वासाचा मापदंड होता. पालकांस इंग्रजी विद्या हवी होती. तिच्यामुळे नोकरीचा मार्ग मोकळा होत असे. मुलगा मात्र गमवायचा नव्हता. मिशनरीस शाळेद्वारे धर्मप्रसार हवा होता. पण एकाही धर्मांतराने वर्ग ओस पडण्याचा धोका असे. शाळेचे यश आणि मिशनचे यश यांतील हा विरोध प्रत्येक सत्रारंभी नव्याने समोर येई. जोतीराव फुले यांनी १८४१ ते १८४७ या काळात पुण्यातील स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिक्षण घेतले. त्यांनी तेथे इंग्रजी विद्या घेतली, ख्रिस्ती धर्म मात्र स्वीकारला नाही. संस्था काय देऊ इच्छिते आणि विद्यार्थी काय घेतो, या दोन गोष्टी भिन्न असू शकतात, याचे याहून बोलके उदाहरण सापडणे कठीण.

३. इमारत, अनुदान आणि मान्यता

दुसरी तयारी द्रव्याची. १८४३ साली स्कॉटलंडच्या चर्चमध्ये फूट पडून फ्री चर्च निराळे झाले. भारतातील मिशनरी फ्री चर्चबरोबर गेले. इमारती मात्र मूळ चर्चकडे राहिल्या. मुंबईत विल्सन यांस शाळेच्या नव्या वास्तूवर पाणी सोडून अन्यत्र वर्ग भरवावे लागले. शिक्षक आणि विद्यार्थी असले तरी छप्पर नाही, अशी स्थिती एका धर्मसभेच्या निर्णयाने सातासमुद्रांपलीकडे निर्माण झाली.

नागपूर मिशन या फुटीनंतरचे. स्टीफन हिस्लॉप १८४५ च्या आरंभी नागपुरास आले. तेव्हा तेथे भोसल्यांचे राज्य होते. कामठीच्या छावणीतील एका लष्करी अधिकाऱ्याच्या देणगीतून या मिशनला आधार मिळाला, आणि १८४६ साली नागपुरात शाळा सुरू झाली. भोसल्यांचे राज्य खालसा झाल्यावर आणि १८५४ च्या वुडच्या खलित्यानंतर परिस्थिती पालटली. या खलित्याने खाजगी संस्थांस अनुदान देण्याचे तत्त्व मान्य केले. चांगले ऐहिक शिक्षण, सरकारी तपासणीस मुभा आणि विद्यार्थ्यांकडून अल्पशी फी, या त्यातील मुख्य अटी. धर्मशिक्षणाची दखल न घेता केवळ ऐहिक शिक्षण पाहून साहाय्य द्यावे, या सूत्रामुळे मिशनशाळांस सरकारी पैसा मिळण्याचा मार्ग खुला झाला. त्याबरोबरच त्यांचे अभ्यासक्रम सरकारी परीक्षांच्या चौकटीत बसू लागले.

१८८३ साली नागपुरात हिस्लॉप महाविद्यालय स्थापन झाले. शहरातील हे पहिले महाविद्यालय. त्यानंतर दोन वर्षांनी मॉरिस महाविद्यालय निघाले. हिस्लॉप महाविद्यालय प्रथम कलकत्ता विद्यापीठाशी संलग्न होते, १९०४ च्या विद्यापीठ कायद्यानंतर ते अलाहाबादेकडे गेले, आणि १९२३ साली नागपूर विद्यापीठ स्थापन झाल्यावर त्यास स्वतःच्याच शहरातील विद्यापीठ लाभले. ज्या पिढीने कलकत्त्याहून येणाऱ्या अभ्यासक्रमावर सत्र आखले, तिच्या दृष्टीने नागपूर विद्यापीठाची स्थापना ही किती मोठी सोय होती, हे सहज ध्यानात येईल.

४. शिक्षक आणि त्याचा प्रदेश

तिसरी तयारी अध्यापकाची. हिस्लॉप यांचे उदाहरण येथे विशेष मननीय आहे. मिशनच्या कामासाठी फिरताना त्यांनी रॉबर्ट हंटर या सहकाऱ्याबरोबर नागपूर प्रदेशातील खडक व जीवाश्म यांचा अभ्यास केला. त्यांचा निबंध १८५५ साली लंडनच्या जिऑलॉजिकल सोसायटीच्या त्रैमासिकात प्रसिद्ध झाला. नागपूरच्या दक्षिणेस सुमारे साठ मैलांवरील मांगली येथे मिळालेल्या एका प्राचीन उभयचराच्या कवटीचे वर्णन रिचर्ड ओवेन यांनी केले आणि त्यास 'ब्रॅकिओप्स' हे नाव दिले. दगडी कोळशाच्या थरांशी निगडित असलेल्या ग्लॉसोप्टेरिस वनस्पतींचे अवशेषही हिस्लॉप यांनी गोळा केले, आणि या प्रदेशातील वालुकाश्म व कोळसा यांच्या वयाविषयी १८६१ साली पुन्हा लेखन केले. माजरीच्या खाणीतून निघणारा कोळसा ज्या गोंडवन शिलासमूहातला आहे, त्याच्या अभ्यासाच्या आरंभकाळी एका शाळामास्तराचे नाव यावे, ही बाब या जिल्ह्याच्या विद्यार्थ्यांनी लक्षात ठेवण्याजोगी आहे.

त्यांनी गोंडांची भाषा व मौखिक परंपरा यांविषयीही सामग्री जमविली. ४ सप्टेंबर १८६३ रोजी, ऐन पावसाळ्यात, टाकळघाट परिसरातील शिलावर्तुळांच्या पाहणीच्या प्रवासात ते बोरीजवळ पुरात बुडून मृत्यू पावले. त्यांचे टिपण रिचर्ड टेंपल यांनी १८६६ साली संपादून प्रसिद्ध केले. तथापि ही सामग्री गोंडांविषयी असली तरी गोंडांसाठी नव्हती. जंगलातील समाजाची माहिती इंग्रजी ग्रंथात गेली. त्या समाजाच्या मुलांसाठी नागपूरच्या वर्गाचे दार त्या प्रमाणात उघडले, असे म्हणता येत नाही.

५. फुल्यांची टीका

हाच प्रश्न फुल्यांनी १८८२ साली हंटर शिक्षण आयोगापुढील निवेदनात व्यापक स्वरूपात मांडला. शेतकऱ्यांच्या करातून जमणारा पैसा वरिष्ठ वर्गाच्या उच्च शिक्षणावर खर्च होतो आणि बहुजनांचे प्राथमिक शिक्षण उपेक्षित राहते, असा त्यांचा आक्षेप होता. पुढच्याच वर्षी नागपुरात महाविद्यालय निघाले. ही टीका हिस्लॉप महाविद्यालयावर नव्हती; तरीही ती त्यास लागू पडते का, हे तपासणे योग्य ठरेल. स्कॉटलंडच्या परंपरेत प्रत्येक गावास शाळा हे पहिले सूत्र होते. भारतात मात्र कलकत्त्यात अलेक्झांडर डफ यांनी १८३० साली घालून दिलेल्या धड्यानुसार, वरच्या वर्गांस इंग्रजीतून उच्च शिक्षण द्यावे म्हणजे विचार खाली झिरपेल, ही कल्पना प्रबळ झाली. आपल्याच परंपरेतील पॅरिशशाळेचे तत्त्व येथे मागे पडले, असा निष्कर्ष काढावा लागतो.

६. स्वातंत्र्योत्तर स्थिती

२६ जानेवारी १९५० रोजी अमलात आलेल्या राज्यघटनेने जुन्या वादाचा निकाल लावला. अनुच्छेद २८ नुसार मान्यताप्राप्त वा अनुदानित संस्थेत विद्यार्थ्याच्या, आणि तो अज्ञान असल्यास पालकाच्या, संमतीविना धर्मशिक्षणाची सक्ती करता येत नाही. अनुच्छेद ३० ने अल्पसंख्याकांस स्वतःच्या संस्था चालविण्याचा अधिकार दिला. १८३९ साली पालकास ज्या भीतीने मुलाचे नाव काढावे लागले, त्या भीतीस घटनेने उत्तर दिले, आणि संस्थेचे स्वत्वही राखले.

चर्चचे रूपही पालटले. प्रेस्बिटेरियन व काँग्रिगेशनल मंडळ्यांचे १९२४ साली संयुक्त चर्च झाले, आणि २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरातच चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची स्थापना होऊन वडिलांची आणि बिशपांची परंपरा एकत्र आली. धर्मशिक्षणाच्या विद्यालयांतही हीच प्रवृत्ती दिसते. यवतमाळ येथे १९५३ साली स्थापन झालेली युनियन बिब्लिकल सेमिनरी आरंभापासूनच अनेक मिशनांच्या सहकार्यावर उभी होती. १९८३ साली ती पुण्यास गेली.

२०११ साली गडचिरोली येथे गोंडवाना विद्यापीठ स्थापन झाले आणि चंद्रपूर-गडचिरोलीतील महाविद्यालये त्याच्या कक्षेत आली. कलकत्ता, अलाहाबाद, नागपूर, गडचिरोली असा विद्यापीठाचा प्रवास या जंगलप्रदेशाच्या दिशेने सरकत आला आहे. ज्यांच्या भाषेची टिपणे शंभराहून अधिक वर्षांपूर्वी घेतली गेली, त्यांची मुले आज किती संख्येने प्रवेशपत्र भरतात आणि त्यांपैकी किती जण दिवाळीनंतरच्या सत्रात परत येतात, याची गणना प्रत्येक महाविद्यालयास आपल्या पटावरूनच करता येईल. या विषयावर काम करू इच्छिणाऱ्या विद्यार्थ्याने जुन्या अहवालांइतकेच लक्ष या पटाकडे द्यावे. संस्थेचा खरा इतिहास तेथे दरवर्षी नव्याने लिहिला जातो.