तीन पायऱ्यांचा अडसर

दसरा-दिवाळीच्या सुमारास गावं ऊसतोडीला निघतात. मागं राहतात म्हातारी अन् अपंग माणसं. ख्रिस्ती घरातल्या अशा माणसाला रविवारची उपासना हाच चारचौघांत बसायचा दिवस. पण प्रार्थनामंदिराला तीन पायऱ्या असल्या, की त्यानं बाहेरूनच हात जोडायचे का?

वाट पंडिता रमाबाईंनी कधीच दाखवली आहे. १८९६-९७ च्या दुष्काळात दौंड तालुक्यातील केडगावला त्यांचं मुक्ती मिशन उभं राहिलं. तिथं आंधळ्या मुलींनाही आसरा मिळाला. कन्या मनोरमाबाई अमेरिकेत ब्रेल शिकून आल्या आणि त्यांनी या मुलींना वाचायला शिकवलं. नुसती दया नव्हे, हाती विद्या दिली.

मंडळीला फार खर्च नाही. एक फूट उंचीला बारा फूट उतार अन् कठडा करावा. बाकांमध्ये चाकाच्या खुर्चीपुरती जागा ठेवावी. बहिऱ्यांसाठी गीत व अध्यायाचे क्रमांक फळ्यावर लिहावेत. ग्रामपंचायतीने स्वउत्पन्नातील ५ टक्के निधी दिव्यांगांसाठी खर्चायचा असतो. पाळकांनी गरजूंची नावे ग्रामपंचायत अधिकाऱ्यांकडे पोचवावीत.

उतार झाला तरी माणूस आपोआप येत नाही. येत्या रविवारी घंटेआधी कुणीतरी त्याच्या दारी जावं.