विश्लेषण : गायक नाटे गावात, ड्रमर पुण्यात… रॉक गाणे जुळते कसे?

यशवंतगडासाठी ओळखल्या जाणाऱ्या राजापूर तालुक्यातील नाटे गावातून रॉक गाणे करायचे, तर आधी मुंबई-पुणे गाठावे लागेल, असे अनेकांना वाटते. प्रत्यक्षात ड्रमर पुण्यात, मिक्सिंग करणारा ठाण्यात आणि गायक नाटे येथे राहूनही गाणे पूर्ण होऊ शकते. अट एकच, सगळ्यांनी एकाच वेळी वाजवण्याचा हट्ट सोडायचा.

व्हिडीओ कॉलवर का जमत नाही?

मिनिटाला १२० ठोक्यांच्या लयीत एक ठोका ५०० मिलिसेकंदांचा. कॉलवर आवाज पोहोचायला १०० ते २०० मिलिसेकंद सहज लागतात. वादकांना साधारण २५-३० मिलिसेकंदांपर्यंतचा उशीर चालतो. त्यापुढे प्रत्येक जण दुसऱ्यासाठी थांबू लागतो आणि लय मंदावत जाते. यात नाटे-पुणे अंतराचा दोष फारसा नाही. फायबरमधून प्रकाश एक हजार किलोमीटर सुमारे पाच मिलिसेकंदांत जातो. वेळ खातात ते मोबाइल नेटवर्क, कॉलचे अॅप आणि ब्लूटूथ हेडफोन. म्हणून रेकॉर्डिंगला वायरचाच हेडफोन हवा.

मग काय करतात?

एकावर एक थर चढवतात. लॉस एंजेलिसचा जिमी टॅम्बोरेलो आणि सिएटलचा बेन गिबर्ड यांनी २००३ चा ‘गिव्ह अप’ हा अल्बम बराचसा टपालाने ध्वनिफिती पाठवत केला. बँडचे नावही ‘द पोस्टल सर्व्हिस’. त्या नावावर अमेरिकेच्या टपाल खात्याने आक्षेप घेतला होता, पुढे समझोता झाला!

आता टपालाऐवजी ड्राइव्ह आहे. समजा, नाटे येथील गायकाने मेट्रोनोमच्या ठोक्यावर गिटार आणि कच्चा आवाज रेकॉर्ड करून पाठवला. ड्रमर तो कानात ऐकत ड्रम वाजवतो, मग बेस, गिटार आणि शेवटी पक्का आवाज. जाखडीतल्या झांजेचा थर द्यायचा असेल, तर तोही गावातच घेता येतो. प्रत्येक फाइल गाण्याच्या शून्य सेकंदापासून सुरू हवी, वादन मध्येच असले तरी. नाहीतर मिक्सिंग करणाऱ्याचा अर्धा दिवस फायली जुळवण्यातच जातो.

सगळ्यांचा सॅम्पल रेटही एकच ठेवावा. ४४.१ किलोहर्ट्झची फाइल ४८ ची समजून वाजवली गेली, तर गाणे सुमारे नऊ टक्के वेगाने पळते आणि हार्मोनियमच्या भाषेत एक-दोन पट्ट्या वर चढते.

गावातील अडचणी कोणत्या?

जांभ्याच्या उघड्या भिंतींच्या खोलीत आवाज घुमतो. नंतर सॉफ्टवेअरमधून घुमारा वाढवता येतो, काढणे मात्र अवघड. त्यामुळे माइकच्या मागे-बाजूला गोधड्या टांगणे हा स्वस्त आणि उत्तम उपाय. पावसाळ्यात पत्र्यावरच्या सरींपुढे मात्र इलाज नाही. उघडीप पाहूनच गावे.

४८ किलोहर्ट्झ, २४ बिटची चार मिनिटांची एक मोनो फाइल सुमारे ३५ एमबीची होते. असे २४ ट्रॅक म्हणजे ८३० एमबीच्या आसपास. नेटवर्क कमकुवत असेल तर एकेक फाइल रात्री चढवावी. व्हॉट्सअॅपवर पाठवायची तर ‘डॉक्युमेंट’ म्हणून. व्हॉइस मेसेजमध्ये आवाज दाबला जातो आणि मिक्सिंगला निरुपयोगी ठरतो.

गाणे नेमके कोणाचे?

खरा वाद इथे होतो. कॉपीराइट कायदा, १९५७ नुसार शब्दांचा हक्क प्रथम गीतकाराचा, चालीचा संगीतकाराचा आणि ध्वनिमुद्रणाचा निर्मात्याचा. पुढाकार आणि जबाबदारी घेतो तो निर्माता. स्टुडिओत पैसे भरणारा कोण, हे सहसा दिसते. चार गावांतल्या चार लॅपटॉपवर झालेल्या गाण्यात ते दिसत नाही. केवळ गिटार वाजवणारा चालीचा मालक होत नाही, त्याला कलाकार म्हणून वेगळे हक्क आहेत. पण गाण्याची ओळख बनलेली गिटारची धून त्यानेच रचली असेल, तर तो सहसंगीतकार असल्याचा दावा करू शकतो.

हक्क दुसऱ्याच्या नावे करायचे तर कायद्याला लेखी आणि सहीचा करार लागतो, चॅटमधला अंगठा पुरेसा नाही. त्यामुळे अंतिम मिक्स येण्याआधीच शब्द कोणाचे, चाल कोणाची, निर्माता कोण, कोणाचा किती टक्के वाटा आणि मूळ फायली कोणाकडे राहणार, हे एका कागदावर लिहून सगळ्यांनी सह्या कराव्यात.