मालवणातला एक दिवस आणि ‘ऱ’ असलेली फाईल

सकाळी ७
दांडीच्या किनाऱ्यावर रापण ओढणाऱ्यांचा गलका असतो. या वेळेला वीज आणि नेट सहसा दगा देत नाहीत, म्हणून डोकं लागणारं काम मी सकाळीच उरकतो. आमची लायब्ररी इतरांच्या कोडची चाचणी घेते. तिलाच फाईल सापडली नाही, तर कुणाच्या तरी बिनचूक कोडवर ‘नापास’चा शिक्का बसतो. म्हणून पाथचे बग आधी.

आजची तक्रार: ‘किनाऱ्यावरची_नोंद’ या फोल्डरमधल्या चाचण्या मॅकवर पास; फोल्डर झिप करून लिनक्सवर नेला की ‘फाईल सापडत नाही’.

सकाळी ८.३०
पहिला संशय पाथमधली नावं वेगळी करणाऱ्या रेघेवर. १९८३ साली एमएस-डॉस २.० मध्ये फोल्डर आले, तेव्हा तिरपी रेघ कमांडच्या पर्यायांसाठी आधीच वापरात होती. म्हणून तिथे उलटी रेघ आली. पण मॅक आणि लिनक्सची रेघ एकच. दुसरा संशय लहान-मोठ्या लिपीचा. देवनागरीत तो प्रश्नच नाही.

सकाळी १०
कोडमधलं आणि डिस्कवरचं नाव स्क्रीनवर हुबेहूब सारखं. मग दोन्हींचे बाइट छापले आणि फरक सापडला. एकात ‘ऱ’ हे सलग अक्षर, तीन बाइटचं. दुसऱ्यात ‘र’ आणि त्याखाली नुक्ता, मिळून सहा बाइट. युनिकोडच्या नियमाने दोन्ही एकच.

मॅकची जुनी एचएफएस प्लस फाईल सिस्टीम नावं अशी सुटी करूनच साठवायची. २०१७ मध्ये मॅकवर आलेली एपीएफएस नाव दिलं तसं ठेवते, शोधताना मात्र दोन्ही रूपं एकच मानते. लिनक्स नुसते बाइट जुळवून बघतो.

दुपारी १
“जेवूक ये, भात निवलो!” आईची हाक. बांगड्याचं तिखलं आणि सोलकढी.

दुपारी २
आत येणारा प्रत्येक पाथ सलग रूपात बदलून टाकायचा, हा उपाय चटकन सुचतो. पण तो घातक आहे. डिस्कवर सुटं नाव असताना सलग नाव मागितलं, तर लिनक्स फाईल देणारच नाही. शिवाय तिथे एकाच फोल्डरमध्ये दोन्ही रूपांच्या वेगवेगळ्या फाईली नांदू शकतात. म्हणून नियम असा केला: फाईल उघडायची ती डिस्कने दिलेल्या नावानेच, एकरूप करायचं ते फक्त तुलनेपुरतं. दोन फाईली जुळल्या, तर अंदाजाने एक न निवडता स्पष्ट एरर द्यायची.

दुपारी ४
आता या बगसाठी कायमची चाचणी. नावं कीबोर्डवरून न टाइपता कोड पॉइंटच्या क्रमांकांनी लिहिली, कारण एखादा एडिटर सुटं अक्षर परस्पर जोडून टाकतो. जवळचाच आणखी एक धोका बुजवला: चाचणीच्या नावावरून तात्पुरता फोल्डर बनतो. लिनक्सवर नावाची मर्यादा सहसा २५५ बाइट. देवनागरीची काना-मात्राही तीन बाइट खाते, म्हणजे ८५ चिन्हांतच जागा संपते. आता लांब नाव बाइट मोजून छाटलं जातं, तेही अक्षर मध्येच न तोडता.

संध्याकाळी ६
लिनक्स, विंडोज, मॅक, तिन्हींवर चाचण्या हिरव्या. ‘दोन्ही फाईली शेजारी’ ही चाचणी मॅकवर वगळली. तिथे दुसरं नाव पहिल्याच फाईलवर जाऊन पोचतं. सहकाऱ्याने तपासून बदल मुख्य शाखेत घेतला. आपल्या भाषेत फाईलला नाव देणाऱ्याला इंग्रजी नावाची पळवाट सुचवावी लागू नये, यासाठीच हा खटाटोप. यापुढे पाथच्या कोडला कुणीही हात लावला, की ‘ऱ’ची चाचणी धावेल, ती पास झाल्याशिवाय बदल आत घेतला जाणार नाही.