पन्नास डॉलरचा परवाना

कॅलिफोर्निया : अमेरिकेतला जुगार म्हटले की मराठी वाचकाला लास वेगस आठवते. ते शेजारच्या नेव्हाडात. कॅलिफोर्नियात बिंगोचा, म्हणजे आपल्या हाउजीचा, कायदा वेगळ्याच वळणाचा आहे. १९७६ साली राज्यघटनेत दुरुस्ती होऊन हा खेळ केवळ धर्मादाय कामासाठी खुला झाला. परवाना शहर किंवा काउंटी देते आणि त्यासाठी वर्षाला ५० डॉलरपेक्षा जास्त शुल्क घेता येत नाही. अर्ज फेटाळला तर निम्मी रक्कम परत करावी लागते.

इतका स्वस्त परवाना म्हणजे रान मोकळे, असे कुणाला वाटेल. पण इथला कडकपणा शुल्कात नाही, खेळ चालवण्याच्या अटींत आहे. एका डावाची बक्षिसे ५०० डॉलरच्या वर जाता कामा नयेत. खेळ संस्थेच्या सभासदांनीच चालवायचा आणि आकडे पुकारणाऱ्यालाही मजुरी द्यायची नाही. दिली तर दंड १०,००० डॉलरपर्यंत, म्हणजे परवान्याच्या दोनशे पट. मग देखरेखीचा भुर्दंड करदात्याने का सोसावा? त्याचीही सोय आहे. बंदोबस्ताचा जादा खर्च शहर दरमहा वसूल करू शकते, मात्र प्रत्यक्ष झाला तेवढाच. शुल्कातून तिजोरी भरायची नाही, हे त्यामागचे तत्त्व. या व्यवस्थेलाही भगदाड पडले ते आदिवासी वसाहतींत. राज्याचे हे निर्बंध तिथल्या बिंगोला लागू होत नाहीत, असा निकाल अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८७ मध्ये कॅबझॉन जमातीच्या खटल्यात दिला. पण प्रश्न होता राज्याचा अधिकार कुठवर चालतो हा; शुल्क कमी असल्याने ते भगदाड पडले नाही.

आपल्याकडे नेमके काय चालते? महाराष्ट्रात १८८७ चा जुगार प्रतिबंधक कायदा अजून उभा आहे आणि १९६९ पासून सरकार स्वतःच लॉटरी विकते. गोव्यात कॅसिनोचे परवाना शुल्क कोटींच्या घरात आहे. त्या रकमेची सवय लागलेले सरकार कॅसिनो हटवण्याची भाषा कितीही करो, हात आखडता घेतेच. शुल्क जबर असले की धंद्याला वचक बसतो, हा युक्तिवाद इथेच लंगडा पडतो, कारण वचक बसवणाराच त्या धंद्याचा भागीदार होऊन बसतो. धर्मादाय कामाच्या बाजूला पाहिले, तर वर्गणीसाठी सार्वजनिक मंडळांना धर्मादाय आयुक्तांची परवानगी लागते, हे ठीकच. पण आपला सगळा जोर परवानगीच्या कागदावर. जमलेला पैसा कुठे गेला, हे विचारण्याचा उत्साह तेवढा नसतो. आकारमानाने कॅसिनो आणि हाउजी यांची तुलना होत नाही, हे मान्य. तत्त्वाची मात्र होते. परवाना हवा तेवढा स्वस्त करा, पण हिशेब चुकवणे महाग पडले पाहिजे.